विहिरीचा सातवा अध्याय

बीदरच्या वस्तानिया मदरशातून, म्हणजे मधल्या शाळेतून, तीस वर्षांची नोकरी संपवून बाहेर पडताना श्रीपतरावांनी सहकाऱ्यांना सांगितले होते की आता ग्रंथ पुरा करणार. त्याला सहा वर्षे झाली. ग्रंथ तिसऱ्या प्रकरणाच्या नवव्या पानावर उभा होता तिथेच उभा होता. ‘बीदर प्रांतातील जुने कागद’ हे त्याचे नाव शहरातल्या निम्म्या शिकलेल्या मंडळींना पाठ होते. कोणी पाहुणा आला की श्रीपतरावांची ओळख ‘ग्रंथ लिहितात’ अशीच करून दिली जाई. ज्या ग्रंथाचे नाव इतके पसरले त्याच्या मजकुरावाचून कोणाचे काही अडत नसते, हे त्यांनी पुरते ओळखले होते आणि त्याबद्दल ते मनातल्या मनात सगळ्या शहराचा थंडपणे तिरस्कार करीत.

फसली तेराशे चोपन्नच्या, म्हणजे इसवी एकोणीसशे चव्वेचाळीसच्या हिवाळ्यात, तुरीच्या गाडीवर बसून एक बाई जनवाड्याहून आली आणि नौबादच्या रस्त्यावरच्या त्यांच्या घराच्या ओट्यावर टेकली. वय चाळिशीचे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, मांडीवर धाबळीत बांधलेले गाठोडे.

“मी शरणम्मा. जनवाड्याच्या चन्नबसप्पांची लेक.”

श्रीपतरावांनी चष्मा काढून पुसला. हे नाव त्यांनी आयुष्यात एकाच लेखात लिहिले होते, चौदा वेळा, आणि प्रत्येक वेळी त्याच्यामागे एकेक विशेषण जोडले होते.

“कसे आहेत चन्नबसप्पा?”

“वारले. दोन वर्सं झाली.”

“मला कळले नाही.”

“कोण सांगणार? तुमची-त्येंची बसउठ थोडीच होती. तुम्ही लिहिलाव, त्येनी वाचलं, इतकीच वळख.” तिने गाठोडे सोडले. आत दोरीने शिवलेली जाड वही होती. “हे अप्पांचं पुस्तक. आमच्या विहिरीचं. सा अध्याय झाल्यात. सातवा अर्ध्यात सोडलाय. पुरा करून पायजे.”

“मी करू?”

“मोडी तुम्हाला येतंय, फारशी येतंय, कानडी समजतंय. बीदरात दुसरं कोण हाय, सांगा. मी त्येच्याकडं जाते.”

“शरणम्मा, त्या विहिरीच्या सनदेविषयी मी काय छापले आहे, ते तुला ठाऊक आहे ना?”

“ठाव हाय की. म्हणून तर आले. ज्यानं बैल हुसकला त्यानंच वळवून आणावा.”

आतून सत्यभामाबाईंचा आवाज आला. नवऱ्याला टोचायची एकही संधी त्या वाया घालवीत नसत. “द्या की करून! घरातलं व्हईना, बाहेरचं तरी होऊ द्या तुमच्या हातून.”

श्रीपतरावांनी वही ठेवून घेतली. नाही म्हणायला कारण हवे, आणि जवळ होती ती सगळी कारणे त्यांनी स्वतःच्या ग्रंथापायी खर्चून टाकली होती.

प्रकरण सोळा वर्षांपूर्वीचे होते. जनवाड्याच्या मठाजवळ एक पायऱ्यांची विहीर आहे. तिला दोन बाजूंनी उतरता येई, पश्चिमेने गाव आणि पूर्वेने वेशीबाहेरची वस्ती. चन्नबसप्पांपाशी त्या विहिरीचा एक जुना कागद होता. वर काजीचा फारशी शिक्का आणि खाली मोडीत मजकूर. निलम्मा नावाच्या विधवेने विहीर बांधविली, वेशीबाहेरच्या तेरा असामींनी मजुरी न घेता खोदकाम केले, सबब पूर्वेच्या पायऱ्या त्यांच्याकडे वंशपरंपरेने चालाव्यात, असा मजकूर. शेवटी त्या तेरा जणांची नावे. चन्नबसप्पा हे मठात लिहिणे-वाचणे करणारे शेतकरी गृहस्थ. आपल्या गावात असा कागद आहे याचा आनंद त्यांना आवरेना, म्हणून बीदरला येऊन त्यांनी त्याची नक्कल या विद्वान मास्तरांना दिली.

विद्वान मास्तरांचे तेव्हा पुण्याकडे लक्ष होते. मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या मुलखातला, मनुष्य भोळा, त्याच्या हाती पडलेला प्रत्येक चिटोरा त्याला शिवकालीन वाटतो, हा तिकडच्या मंडळींचा लाडका समज. तो खोडून काढायचा तर मोगलाईतल्याच एकाने मोगलाईतलाच एक कागद निर्दयपणे फाडून दाखवायला हवा होता, आणि जनवाड्याची सनद आयती चालून आली. शिक्क्यात सन बाराशे सेहेचाळीस, मजकुरातही सन बाराशे सेहेचाळीस. हिजरीने ते साल इसवी अठराशे तीस पडते. साक्षीदारांत मात्र परगण्याचे देशपांडे आप्पाराव यांची सही, आणि आप्पारावांना देशपांडेपण मिळाले अठराशे चौतीसात. चार वर्षे आधी त्या हुद्द्यावर सही करणारा पुरुष एक तर द्रष्टा असला पाहिजे किंवा बनावट. श्रीपतरावांनी हे वाक्य जसेच्या तसे लेखात घातले होते. चोवीस पानांचा तो लेख पुण्याच्या एका त्रैमासिकात छापून आला, आणि मोगलाईतही कठोर चिकित्सा होऊ शकते, असे चार थोर मंडळींनी पत्राने कळविले. संपादकांनी जाता जाता असेही लिहिले होते की, जनवाडा नावाच्या खेड्यातून अंकाच्या दोन प्रतींची मागणी आली आहे. श्रीपतरावांना ती बातमी फार आवडली होती. खेड्यापाड्यांतून संशोधन वाचले जाऊ लागले, असे त्यांनी त्या वेळी मित्रांना सांगितले.

वही आणली त्या दिवशी जाता जाता शरणम्माने त्या दोन प्रतींचे काय झाले ते सांगितले.

“एक अप्पांनी मागवली. दुसरी भीमण्णा पाटलानं. त्येनी चावडीवर वाचून दावली. वेशीबाहेरच्यांचा कागद खोटा हाय, पुण्यात छापून आलंय म्हणून. आठ दिसांत उगवतीच्या पायऱ्या दगडांनी बुजवल्या. तवापासून त्या बायका नाल्याचं पाणी भरायल्यात.”

“मला हे कोणी सांगितले नाही.”

“अप्पा आल्ते की सांगायला. दोनदा. पयल्या खेपेला मदरसा चालू होता म्हणलाव. दुसऱ्या खेपेला बरं न्हाई म्हणून आतूनच निरोप दिलाव.”

दोन्ही खेपा श्रीपतरावांच्या ध्यानात होत्या.

वही वाचायला त्यांना पाच दिवस लागले. गद्य साधे, मराठी स्वच्छ, आकडे मात्र सगळे कानडी. विहिरीची खोली, झऱ्यांची तोंडे, कोणत्या उन्हाळ्यात पाणी किती पायऱ्या खाली गेले, निलम्माच्या माहेरची माणसे कोणत्या गावची, हे सगळे या गृहस्थाने कसलाही आव न आणता, ज्याचे त्याच्या तोंडून ऐकले तसे लिहून ठेवले होते. ‘असे म्हणतात’ आणि ‘मी पाहिले’ यांत त्यांनी कुठे गल्लत केलेली नव्हती. श्रीपतरावांच्या परिचयाच्या तीन प्रसिद्ध इतिहासकारांना हे साधलेले नव्हते, आणि त्यांतले दोन पुण्याचे होते.

सातवा अध्याय सनदेचा. त्यात लेखाला उत्तर असेल, शिव्याशाप असतील, निदान गाऱ्हाणे तरी असेल, अशी त्यांची अटकळ होती. तसे एक अक्षरही नव्हते. ‘बीदरचे मास्तर मोठे विद्वान आहेत, त्यांनी कागद खोटा ठरवला आहे, तरी मी आणखी कागद पाहतो,’ एवढे वाक्य आणि त्याखाली एक यादी. त्याच शिक्क्याचे अकरा कागद. कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कसल्या कामाचा. चन्नबसप्पांना फारशी येत नव्हती. म्हणून त्यांनी प्रत्येक कागदावरच्या शिक्क्यातले आकडे लहान मूल चित्र काढते तसे हुबेहूब उतरवून घेतले होते, आणि समोर मजकुरातला सन लिहिला होता. यादी संपली तिथेच वही संपली. निष्कर्ष नव्हता. निष्कर्ष काढणे हे विद्वानाचे काम, असे त्या भल्या माणसाला वाटले असावे.

श्रीपतरावांनी ती अकरा चित्रे वाचली. अकराही शिक्क्यांत आकडा एकच, बाराशे सेहेचाळीस. समोरचे सन मात्र सगळे वेगळे. बाराशे बेचाळीस, त्रेचाळीस, सत्तेचाळीस, थेट बाराशे त्रेसष्टपर्यंत. अर्थ उघड होता. काजीने नेमणूक झाली त्या वर्षी शिक्का कोरून घेतला आणि मरेपर्यंत तोच उमटवला. शिक्क्यातले साल शिक्क्याचे, हिजरी. कागदाचे साल खाली मोडीत, आणि मोडी लिहिणारे दफ्तरदार सारे सन फसलीने, म्हणजे सरकारी महसुली सालाने, लिहीत; म्हणून बेचाळीसचा कागदही सेहेचाळीसच्या शिक्क्यानंतरचाच. जनवाड्याच्या सनदेत दोन निरनिराळ्या गणनांचे आकडे योगायोगाने एकसारखे आले होते, एवढेच. फसली बाराशे सेहेचाळीस म्हणजे इसवी अठराशे छत्तीस. देशपांडे आप्पाराव तेव्हा दोन वर्षे त्या हुद्द्यावर बसून सह्या करीत होते. कागद अस्सल होता.

ज्याचा पगार तीस वर्षे फसली महिन्यांनी निघाला, ज्याने पोरांना फसलीचे इसवीत रूपांतर घोकून घेतले, त्या माणसाने ही चूक करावी! परदेशी मनुष्याने केली नसती, कारण त्याने प्रत्येक आकड्याला तू कोण म्हणून विचारले असते. घरच्या माणसाला आकडे जुळलेले दिसले की तो विचारायचा थांबतो.

पण श्रीपतरावांची बोटे थांबली होती ती यादीतल्या चौथ्या नोंदीवर. ‘कल्याणी, माणिकप्पा सराफांचे घरी, दुकानजागेचा कागद, सन १२५१.’ हा कागद त्यांनी पाहिला होता. लेख छापून आल्याच्या पुढच्याच वर्षी, आपल्या ग्रंथासाठी कागद गोळा करीत ते कल्याणीला गेले असताना माणिकप्पांनी तो त्यांच्यापुढे पसरला. वर शिक्का सेहेचाळीसचा, खाली सन एकावन्न. त्यांना तेवढ्याने पुरे कळले होते. त्यांनी कागदाची घडी घातली, माणिकप्पांचे सुपारी देऊन झालेले आगतस्वागत स्वीकारले आणि बीदरला परतले. तिसऱ्या प्रकरणाचे नववे पान त्याच आठवड्यातले. दहाव्या पानावर शिक्क्यांची चर्चा यायची होती.

जगाला त्यांनी वेळ मिळत नाही असे सांगितले. पंधरा वर्षे सांगत राहिल्यावर ते त्यांचे त्यांनाही खरे वाटू लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून ते लिहायला बसले. सातवा अध्याय त्यांनी अठरा पानांत पुरा केला. काय भाषा होती ती! बीदरच्या एका आत्मसंतुष्ट शाळामास्तराने टाळ्यांच्या लोभाने एका सत्पुरुषावर बनावटगिरीचा आरोप कसा केला, त्याच्या विद्वत्तेचे पोट कसे रिकामे होते, पुण्याच्या शाबासकीसाठी त्याने आपलेच घर कसे पेटवले, हे त्यांनी तिसऱ्या पुरुषात, स्वतःची किंचितही गय न करता लिहिले. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेला संताप त्यांनी स्वतःवर ओतला, आणि वाक्ये इतकी सुरेख उतरत गेली की मधूनमधून ते थांबून ती पुन्हा वाचीत. कल्याणीचा कागद त्यांत इतर दहांसारखाच आला होता, चन्नबसप्पांच्या यादीतली चौथी नोंद म्हणून.

सत्यभामाबाईंनी चहा आणून ठेवला. “लई खुशीत लिहायलाव. कुणाला धरलंय?”

“स्वतःला.”

“मग चालू द्या,” त्या म्हणाल्या. “त्याच्यात तुमचं मन लागतंय.”

संक्रांतीनंतर शरणम्मा आली. श्रीपतरावांनी अठराही पाने तिला वाचून दाखविली. ती ओट्यावर मांडी घालून शांतपणे ऐकत होती. एकदाच तिने मान हलविली, ती दारात शिरलेल्या शेळीला हाकलण्यासाठी.

“झालं?”

“झाले.”

“हे अप्पांच्या पुस्तकात न्हाई चालायचं, मास्तर.”

“का? मी स्वतःला कुठेच सोडलेले नाही.”

“तेच म्हणायले. सा अध्याय विहीर हाय, आन सातव्यात निस्ते तुम्ही. हितं बी तुम्ही, तितं बी तुम्ही. अप्पांनी कुणाला असं कडू कधी बोललं न्हाई, आन तुम्ही त्येंच्या वहीत बोलायलाव. कागद कामून खरा हाय तेवढं लिवा. ते तेरा नावं लिवा. बास.”

“आणि माझी चूक?”

“ती जितं छापली तितं छापा. भीमण्णा पाटील म्हणतोय, छापल्यालं दावा, मग बघू. वहीतलं त्याला चालत न्हाई.” ती उठली, गाठोडे उचलता उचलता सहज म्हणाली, “तुमचं बी एक पुस्तक राहिलंय म्हणं. ते कामून राहिलं?”

“वेळ मिळाला नाही.”

“व्हय का,” शरणम्मा म्हणाली. “अप्पा बी तसंच म्हणायचे.”

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सातवा अध्याय सव्वा पानाचा झाला. शिक्क्याचे साल आणि कागदाचे साल वेगळे कसे, अकरा कागदांचा पुरावा, तेरा नावे. अखेरीस तिथी, आणि सालापुढे ‘फसली’ हा शब्द पुरता लिहिलेला. श्रीपतरावांच्या आयुष्यात पुरे झालेले हे पहिले पुस्तक, आणि ते दुसऱ्याचे होते.

अठरा पाने त्यांनी पुण्याला धाडली. निजामी तिकीट तिकडे चालत नसे, म्हणून इंग्रजी टपालाची तिकिटे मुद्दाम मागवून आणली. महिन्याने उत्तर आले. संपादक आता नवे होते आणि सौजन्यशील होते. लढाईमुळे कागदाची टंचाई आहे, वाद जुना झाला आहे, वाचकांना मूळ लेखाचे स्मरण असण्याचा संभव कमी. तथापि विद्वान लेखकाचा आग्रहच असल्यास ‘शुद्धिपत्र’ या सदरात चार ओळींची जागा देता येईल.

चार ओळी! ज्या त्रैमासिकाने बदनामीला चोवीस पाने दिली त्याला सत्यासाठी चार ओळींचा कागद जड झाला, हे त्यांनी दोन दिवस मनात घोळवले. त्यावर एक झणझणीत पत्रही रचले. मग ते फाडले आणि अठरा पानांच्या चार ओळी करायला घेतल्या.

पहिल्यांदा विशेषणे गेली. त्यांच्याबरोबर आत्मसंतुष्ट शाळामास्तर गेला, रिकामे पोट गेले, पेटलेले घर गेले. दोन दिवसांत तीन ओळी उरल्या. जनवाड्याची सनद अस्सल आहे. शिक्क्याचे हिजरी साल मी कागदाचे समजलो. कागदाचे साल फसली आहे. चौथी ओळ रिकामी होती. त्यांनी तिथे ‘दिलगिरी’ लिहून पाहिले, मग ‘क्षमायाचना’. दोन्ही शब्द त्या तीन कोरड्या ओळींखाली भाड्याने आणलेल्या वाजंत्र्यांसारखे दिसत होते. सोडून द्यावी ओळ, असेही त्यांना वाटले. तीन ओळी छापून आल्या असत्या तरी विहिरीचे काम झाले असते, आणि बीदरचे मास्तर प्रांजळ ठरले असते. मोठा विद्वान चुकला आणि त्याने कबूल केले, याहून शोभिवंत गोष्ट दुसरी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्नान होण्याआधीच त्यांनी चौथी ओळ लिहिली. ‘हे मला सन १९२९ मध्येच कल्याणीच्या एका कागदावरून कळले होते, मी ते दडवले.’ आणि आंघोळीला न जाता तसेच टपालकचेरीत गेले.

अंक चैत्रात आला. शुद्धिपत्र मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, एका वैद्याच्या जाहिरातीच्या वर होते. श्रीपतराव तो घेऊन जनवाड्याला गेले. शरणम्माने मठाच्या ओसरीवर घोंगडी टाकली, अंक हातात घेतला आणि बोट फिरवीत चार ओळी वाचल्या. चौथ्या ओळीवर बोट थांबले.

“एकोणतीस म्हंजे, तुमचं छापून आल्यावर किती?”

“एक वर्ष.”

“अप्पा दुसऱ्या खेपेला आले ते तीस साली. मी संगट होते. वेशीत गाडीपाशी बसल्ते.” तिने मान वर केली. “तवा तुम्हाला ठाव होतं.”

“होते.”

शरणम्माने अंक मिटून त्यांच्यापुढे ठेवला. मग ती विहिरीकडे वळली. पूर्वेच्या पायऱ्यांवर सोळा वर्षांचे दगड होते, त्यांच्या सांध्यांतून तरवड उगवला होता.

“पाटलाकडं चला,” ती म्हणाली. ‘मास्तर’ हा शब्द तिने त्यानंतर उच्चारला नाही.

माली पाटील, म्हणजे सारा वसूल करणारा, भीमण्णा सत्तरीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. श्रीपतरावांना त्याने लोडाशी बसविले, कारण गावात त्यांचा उल्लेख तो नेहमीच आदराने करीत आला होता. चार ओळी त्याने दोनदा वाचवून घेतल्या. मग आत जाऊन त्याने एक जुना अंक आणला. पुस्तकाला घालतात तसे त्याला मेणकापडाचे आवरण होते. चोवीस पानांचा लेख. समासात पाटलाच्या हातच्या खुणा.

“हे बी तुमचंच ना, पंत?”

“माझेच.”

“आन हे बी?”

“हेही.”

भीमण्णाने एका तळव्यावर जुना अंक ठेवला, दुसऱ्यावर नवा, आणि तागडीसारखे हात वरखाली केले. “ह्ये बघा, चोवीस पानं. ह्ये चार वळी. तवा तुमचं वय चाळीस-पंचेचाळीस, बुद्धी कशी तलवारीगत! आता म्हातारपण, बायामाणसं येऊन रडत्यात, माणसाला दया येती. मी तरणं वाचू का म्हातारं वाचू? तुम्हीच सांगा.”

“पाटील, ते खोटे आहे. मी लिहिले म्हणून मी सांगतो.”

“लिवणारा कवाबी म्हणल, मी खोटं लिवलो. मग छापल्याचा भरवसा काय राहिला?” भीमण्णा प्रेमाने हसला. “च्या घेणार का पंत?”

श्रीपतरावांच्या आयुष्यातला हा एकमेव मनुष्य होता ज्याने त्यांचा लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता, खुणा केल्या होत्या, आणि त्यावर विश्वास ठेवून काही केले होते. वाचक असावा तर असा, हे त्यांनी मान्य केले. चहा घेतला नाही.

बाहेर आल्यावर ते शरणम्माला म्हणाले, “वही कुठे आहे?”

“घरात. कामून?”

“वाचू या. सगळी. वस्तीच्या बाजूला बसून.”

“सभेला परवानगी लागती. ठाण्यावरनं अमीनाचा जवान येईल.”

“पुराण आहे म्हणून सांग. पुराणाला लागत नाही.”

शरणम्मा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “वाचा. पुस्तक अप्पांचं हाय.”

वाचन सात दिवस चालले, उन्हे कलल्यावर, बुजविलेल्या पायऱ्यांच्या वरच्या अंगाला लिंबाखाली. पहिल्या दिवशी बारा माणसे होती, चौथ्या दिवशी साठ. गावातली माणसे समोर पश्चिमेच्या पायऱ्यांवर घागरी घेऊन उगाच रेंगाळू लागली, कारण विहिरीवरून आवाज स्वच्छ जाई. पाणी कोणत्या उन्हाळ्यात किती पायऱ्या खाली गेले हा भाग आला तेव्हा दोन्ही काठांवरचे म्हातारे हुज्जत घालू लागले आणि एका सालाबद्दल चन्नबसप्पांची नोंद बरोबर ठरली. अमीनाचा जवान खरोखरच आला. कसले पुराण, त्याने विचारले. विहिरीचे, असे त्याला सांगण्यात आले. तो सहाव्या अध्यायापर्यंत बसून राहिला.

सातव्या दिवशी सनद आली. कागद खरा का, हे श्रीपतरावांनी सव्वा पानात वाचले. नंतर वहीत नसलेली एक गोष्ट त्यांनी उभे राहून सांगितली. कल्याणीचा कागद, ते साल, चन्नबसप्पांची दुसरी खेप, आतून पाठविलेला निरोप. आवाज वर्गात हजेरी घेताना असे तसा होता. बोलून झाल्यावर ते थांबले. इतक्या वर्षांत या घटकेची त्यांनी अनेक रूपे मनाशी रंगवली होती. कोणी दगड उचलील, कोणी थुंकेल, निदान शरणम्मा उठून जाईल.

ती खाली मान घालून बसली होती. वस्तीतली मल्लम्मा पुढे सरकली. ती ऐंशीची असावी, डोळ्यांत फूल पडलेले.

“त्ये तुमचं ऱ्हाऊ द्या, बाबा. नावं हायत म्हणं. नावं वाचा.”

श्रीपतराव खाली बसले. त्यांनी वाचले. हणम्या, धुळ्या वल्द यल्ल्या, तुक्या, संभ्या, लिंगी धुळ्याची बायको.

“थांबा. धुळ्या कोण म्हणलाव?”

“धुळ्या वल्द यल्ल्या.”

“माझा आज्जा,” मल्लम्मा म्हणाली. “आन लिंगी आज्जी. तिचं बी नाव हाय? बाईमाणसाचं?”

“आहे. स्वतंत्र असामी म्हणून आहे.”

“आणिक एकदा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचले. मग दुसऱ्या कोणाला आपल्या घरातले नाव ऐकायचे होते, मग पश्चिमेच्या पायऱ्यांवरून एकाने ओरडून विचारले की निलम्माच्या सासरचे नाव कागदात आहे का. तेरा नावे त्या दिवशी पाच वेळा वाचली गेली. प्रत्येक वेळी श्रीपतराव वहीत पाहून वाचीत. पाठ झाल्यावरही पाहून वाचीत, कारण एखादे नाव गाळले गेले तर ते विचारायला चन्नबसप्पा आता तिसऱ्यांदा येणार नव्हते.

त्या रात्रीचा मुक्काम मठात झाला. सकाळी शरणम्माने गाडी पाठवली, स्वतः आली नाही. गाडी विहिरीवरून गेली. पूर्वेच्या पायऱ्यांवरच्या राशीतले वरचे चार दगड जागेवर नव्हते आणि उपटलेला तरवड बाजूला पडला होता. पलीकडे पश्चिमेच्या पायऱ्यांवर भीमण्णा पाटील दात घाशीत उभा होता. त्याने श्रीपतरावांना पाहून हात जोडले. दगडांकडे पाहिले नाही, किंवा पाहून झाले होते.

“कुणी काढलं असतील वो, पंत?” गाडीवानाने विचारले.

“ते तुला कशाला पाहिजे?” श्रीपतराव म्हणाले. “गाडी हाक.”